४०२ वजा १७८

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले तेव्हा स्नेहसंमेलने आणि सहली यांच्याही आधी मला तिसरीतले एक चुकलेले गणित आठवले. ४०२ वजा १७८. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करून मी ३७६ असे उत्तर काढले होते. बाईंनी वहीवर लाल फुली मारली नाही. त्या माझ्याशेजारी बस्करावर बसल्या आणि म्हणाल्या, "हे कसं केलंस, मला सांग बघू." माझे सांगून होईपर्यंत त्या मध्ये एक शब्दही बोलल्या नाहीत. मग त्यांनी कपाटातून खराट्याच्या काड्यांचे गठ्ठे आणले, शतकाचा एक गठ्ठा सोडून त्यातले दशकाचे दहा गठ्ठे माझ्यापुढे मांडले आणि पुढचे मात्र मलाच करायला लावले. मी एक दशक सुटा केला, तेव्हा दशकाच्या घरात नऊ आणि एककाच्या घरात बारा झाले, आणि उत्तर २२४ का येते हे मला समोर दिसले.

पुढे डी.एड.ला गेल्यावर या प्रसंगातल्या एकेका गोष्टीचे नाव मला कळत गेले. पाठाच्या टाचणात ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य अशी उद्दिष्टे आम्ही लिहीत असू; अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये केलेली उद्दिष्टांची वर्गवारीही तेव्हाच अभ्यासली. वजाबाकीची रीत पाठ असणे हे ज्ञान आणि दशक का सोडायचा हे उमगणे हे आकलन, हा फरक मला व्याख्येवरून नव्हे, त्या काड्यांवरून समजला. किती गणिते चुकली यापेक्षा नेमके कोठे आणि कशामुळे चुकले हे शोधणारी ती नैदानिक चाचणी, आणि सापडलेली अडचण दूर करण्यासाठी त्यानंतर होते ते उपचारात्मक अध्यापन. मुलाला एकट्याने जमत नाही, पण जाणत्याच्या थोड्या मदतीने जमते, त्या टप्प्याला मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की यांनी समीपस्थ विकासाचे क्षेत्र म्हटले आहे. बाईंनी पहिला गठ्ठा सोडून हात मागे घेतला, तो नेमका त्याच जागी.

बालकांचा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि मुलाची सर्व अंगांनी होणारी प्रगती वर्षभर पाहत राहणारे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आमच्या वर्गांत आले. आकारिक आणि संकलित हे शब्द तेव्हापासून शिक्षकांच्या रोजच्या तोंडी आहेत. शिकणे चालू असताना ते सुधारण्यासाठी घ्यायचा अंदाज म्हणजे आकारिक मूल्यमापन, आणि सत्राच्या शेवटी झालेल्या शिक्षणाचा घ्यायचा हिशेब म्हणजे संकलित. मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये केलेला हा भेद मला फार मोलाचा वाटतो, आणि म्हणूनच सत्र संपताना छापील पुस्तिकेतल्या वर्णनात्मक नोंदी नोंदवहीत उतरवून काढल्या जातात तेव्हा मनापासून वाईट वाटते, कारण 'गणितात प्रगती समाधानकारक' या नोंदीवरून त्या मुलाचा दशक कोठे अडला आहे हे कोणालाच कळत नाही.

यंदा माझ्या वर्गातल्या एका मुलाने ५०३ वजा २६७ चे उत्तर ३६४ लिहिले. मी त्याच्याशेजारी बसले आणि हे कसे केले ते विचारले. तो सांगू लागला आणि दशकाच्या घरापाशी येऊन थांबला. मी गठ्ठ्यांची पेटी त्याच्यापुढे सरकवली. त्याने शतकाच्या एका गठ्ठ्याचे रबर आपल्याच हाताने काढले.