आमची वाटचाल : अकरा कोंबड्या, दाजींचा फ्रिज आणि एक शिमगा

फाल्गुन लागला की पहाटे साडेपाचला आमच्याकडे पहिलं काम एकच. अंडी उबवायच्या मशीनचं दार न उघडता काचेतून थर्मामीटर बघायचा. ३७.५ अंश दिसलं की मग चुलीवर चहा. बाहेर पांगारा फुललेला असतो, आंब्याला मोहर असतो, पण ते बघायला सवड मिळते ती कोंबड्या सोडून झाल्यावर.

भोरजवळ आमची ३२ गुंठे जमीन. यांची नोकरी शिरवळच्या एमआयडीसीत, त्यामुळे शेती हौसेची. बांधाला चार आंबे, दोन जांभळं, वाफाभर मेथी-कोथिंबीर, एक गाय आणि सासूबाईंच्या कोंबड्या. २०११ साली त्या अकरा होत्या. गावरान अंडी आणि पिल्लांचा आमचा धंदा उभा राहिला तो त्या अकरांवर, कर्जावर नाही.

सासूबाईंचं शास्त्र पक्कं होतं. दिवस मोठा व्हायला लागला की कोंबडी अंड्यावर येते, पंधराएक अंडी घालते आणि खुडूक होते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते. मग डालग्यात भाताचा पेंढा घालून तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची. एकविसाव्या दिवशी पिल्लं. शेजारपाजारच्या बायका पिल्लं मागायच्या, कारण चैत्रात गावोगावच्या जत्रा आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गावरान कोंबडा पाहिजेच. पण अकरांतल्या चार खुडूक बसल्या की तेवढी अंडी बंद. मागणी ऐन भरात आणि घरात ना अंडी ना पिल्लं. मशीन हवं हे तिथेच कळलं.

मशीन केलं दाजींनी. माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. फ्रिज दुरुस्तीचं काम करतात. भंगारात निघालेला १६५ लिटरचा फ्रिज त्यांनी टेम्पोत घालून आणला. गॅसच्या नळ्या काढल्या, आत चार बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, एक थर्मोस्टॅट आणि खाली पाण्याचं ताट. दाराला काच बसवायला त्यांनी दोन रविवार घालवले. फ्रिज थंडी धरतो तसाच ऊबही धरतो, हे त्यांचं म्हणणं मला आधी पटलं नव्हतं. लाईट गेली की आम्ही गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवायचो आणि दोन-दोन तास पारा उतरायचा नाही. आज आमच्याकडे चारशे अंड्यांचं विकतचं मशीन आहे, अंडी आपोआप फिरवणारं. तरी दाजींचा फ्रिज चालू आहे. शेवटच्या तीन दिवसांसाठी अंडी त्यातच जातात, कारण तेव्हा दमटपणा वाढवावा लागतो आणि तो त्या फ्रिजमध्ये टिकतो तसा नव्यात टिकत नाही.

हाताने फिरवायच्या काळात प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा काढायचो. सकाळी सगळ्या फुल्या वर, दुपारी सगळे गोळे, रात्री परत फुल्या. अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडं धरलं की आत लाल शिरांचं जाळं आणि मधे डोळ्याचा काळा ठिपका दिसतो. नाही दिसला तर अंडं फोल. ज्यांना घरी पिल्लं काढायची आहेत त्यांना सांगते, अंडी आठवड्याच्या वर साठवू नका, निमुळतं टोक खाली ठेवा, धुऊ तर मुळीच नका. आणि वैशाखात हौस करू नका. चाळिशीच्या उन्हात अंडं टोपलीतच अर्धवट उबायला लागतं आणि मशीनला दोष देऊन काही उपयोग होत नाही.

२०१५ पर्यंत चांगलं चाललं. मग २०१६ चा शिमगा आला.

त्या वर्षी होळी २३ मार्चला होती. जत्रांसाठी दोनशे पिल्लांची मागणी आली आणि आमच्या कोंबड्या कमी पडत होत्या. बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून चाळीस तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, घेतल्या. 'सगळ्यांना लस झालीय, ताई, डोळे झाकून घ्या,' असं तो म्हणाला. मी डोळे झाकून घेतल्या आणि त्याच संध्याकाळी आमच्या कोंबड्यांत डालल्या. चूक ती. नवा पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवायचा, वेगळ्या भांड्यात पाजायचा, आधी घरच्यांचं बघून मग त्याच्याकडे जायचं. हे मला माहीत होतं, पण जागा नव्हती आणि घाई होती.

चौथ्या दिवशी एक तलंग पंख पाडून कोपऱ्यात बसली. सहाव्या दिवशी हिरवट पांढरी हगवण, चोच उघडून श्वास, आणि मग मान. मान पाठीकडे वळते आणि पक्षी गोल गोल फिरतो, म्हणून आमच्याकडे याला मानमोडी म्हणतात. डॉक्टर रानीखेत म्हणतात. त्यावर औषध नाही. तालुक्याचे पशुवैद्यकीय डॉक्टर दोनदा येऊन गेले, त्यांनीही तेच सांगितलं. आमच्या पिल्लांना जन्मानंतर सातव्या दिवशी लासोटा ही या रोगाची पहिली लस झाली होती, पण मोठ्यांची लस, आर-टू-बी, राहिली होती. बाटली शंभर डोसची, फोडली की तास-दोन तासांत संपवायची, म्हणून आणखी पक्षी वाढेपर्यंत थांबले होते. १३० पक्षी गेले. सासूबाईंच्या मूळच्या अकरांतली एक काबरी होती, नऊ वेळा खुडूक बसलेली, ती शेवटच्या दिवशी गेली. यांनी बांधाच्या कडेला खोल खड्डा घेतला, चुना टाकला.

मशीनमध्ये तेव्हा बाराव्या दिवसाची अंडी होती. डॉक्टर म्हणाले, तीही काढा, धोका घेऊ नका. मी एक अंडं टॉर्चवर धरलं. आत पिल्लू हललं. पुढचं अंडं मी धरलं नाही. सगळी अंडी यांनीच नेऊन पुरली.

त्या व्यापाऱ्याकडे मी पैसे मागायला गेले नव्हते, नुसतं सांगायला गेले होते, की तुमच्या मालात रोग होता, उरलेल्या तलंगा विकू नका. भर बाजारात तो म्हणाला, 'रोग तुमच्याच शेडात होता, माझ्या तलंगा तुम्ही मारल्या.' ते वाक्य तालुकाभर फिरलं. पुढचं वर्षभर आमच्याकडून एक पिल्लू कुणी नेलं नाही. १३० कोंबड्यांपेक्षा ते वाक्य मला जास्त महाग पडलं. याच माणसाने पुढे हायवेला 'अस्सल गावरान' असा फलक लावला आणि चहाच्या पाण्यात बुडवलेली पांढरी अंडी आमच्यापेक्षा दोन रुपयांनी स्वस्त विकली. लोक गाड्या थांबवून नेत होते. ओलं फडकं फिरवून बघा, रंग फडक्याला लागतो. एकाच मापाची, एकाच रंगाची तीस अंडी गावरान कोंबडी देत नाही. ट्रेमध्ये लहान-मोठी, पांढरट, फिकट तांबूस अशी सरमिसळ असते. आणि पिवळाधमक बलक म्हणजे गावरान, हेही खरं नाही. तो रंग मका आणि हिरव्या चाऱ्याचा.

त्या वर्षी शेड तीन महिने रिकामं ठेवलं. कोंबड्यांखाली अंथरलेली गादी जाळली, भिंतींना चुना, भांडी उन्हात. आणि त्याच दिवसांत कोथरूडच्या मावशी आल्या. दर महिन्याला पुण्याहून स्वतः येऊन अंडी नेणाऱ्या, २०१२ पासूनच्या. त्यांची एक पद्धत होती, महिनाभराची टरफलं वाळवून पिशवीत घालून आणायच्या, कोंबड्यांना चुना मिळावा म्हणून. (तव्यावर भाजून बारीक कुटून घालावीत. नुसती टाकली तर कोंबडीला अंडी फोडायची खोड लागते.) त्यांना फोनवर सांगितलं होतं की कोंबड्या राहिल्या नाहीत. तरी त्या पिशवी घेऊन आल्या. रिकाम्या शेडाच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'हे ठेव, लागेल.' दुसरं काही बोलल्या नाहीत. सासूबाईंनी त्यांना भाकरी वाढली.

पावसाळ्यानंतर माहेरून सहा कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. तीन आठवडे गोठ्यामागे वेगळ्या ठेवल्या. त्यांना पहिल्यांदा घातली ती मावशींच्या पिशवीतली टरफलं. पुढच्या फाल्गुनात दाजींच्या फ्रिजमध्ये चाळीस अंडी लागली, एकतीस पिल्लं निघाली.

आता दरवर्षी जत्रा सुरू होण्याआधी मी लशीचा दिवस ठरवते. थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणायची, संध्याकाळी ऊन उतरल्यावर फोडायची. वाडीतल्या बायका डालग्यांतून, पिशव्यांतून कोंबड्या घेऊन ओट्यावर येतात. लहानांना डोळ्यात थेंब, मोठ्यांना कातडीखाली सुई. शंभर डोस तासाभरात संपतात. त्या व्यापाऱ्याच्या घरच्याही सात कोंबड्या येतात, त्याची सून घेऊन येते. त्यांनाही मी सुई देते, कारण त्या लशीवाचून राहिल्या तर सगळ्या वाडीला घोर. सून दरवेळी हात जोडते. त्याने मात्र ते वाक्य अजून मागे घेतलेलं नाही.