लायसियम सकाळी, अकादमी उतरत्या उन्हात: अथेन्समधला एक दिवस

पहिली चूक टॅक्सीतच होते. नुसतं 'अकादमी' म्हटलं, तर चालक शहराच्या मध्यभागी, पानेपिस्तिमिऊ रस्त्यावरच्या संगमरवरी इमारतीपुढे उतरवतो. समोर प्लेटो-सॉक्रेटिसचे पुतळेही बसलेले, त्यामुळे शंका येत नाही. पण ती वास्तू एकोणिसाव्या शतकातली. प्लेटोच्या प्राचीन शाळेची जागा हवी तर 'अकादिमिया प्लातोनोस' असं पूर्ण नाव सांगा.

सकाळी लायसियम, म्हणजे अॅरिस्टॉटलची शाळा, उरका. मेट्रोच्या निळ्या मार्गावर एव्हांगेलिझमोसला उतरून रिगिलिस रस्ता गाठायचा. अॅरिस्टॉटलने इ.स.पू. ३३५ च्या सुमारास इथे शिकवायला सुरुवात केली. १९९६ मध्ये कलासंग्रहालयाचा पाया खणताना अवशेष लागले, २०१४ पासून ते खुले आहेत. दिसते ती मुख्यतः कुस्तीची तालीम. भिंती बुटक्या, स्नानगृहं रोमन काळातली. अर्धा-पाऊण तास पुरे.

त्याच मार्गाने तिसरं स्थानक केरामिकोस. तिथल्या उत्खननक्षेत्रात दिपिलोन हे प्राचीन नगरद्वार आहे. तिकीट लागतं आणि हिवाळ्यात फाटक लवकर बंद होतं, म्हणून हे दुपारीच बघा.

आता खरी मजा. सिसेरो या रोमन वक्त्याने इ.स.पू. ७९ मधली आपली फेरी लिहून ठेवली आहे: दिपिलोनहून अकादमी सहा स्टेडिया, म्हणजे सुमारे १.१ किलोमीटर, वेळ दुपारची, कारण तेव्हा तिथे गर्दी नसते. तोच रस्ता धरा, पण दिपिलोनमधून सरळ निघता येत नाही, कुंपण आहे. एर्मू रस्त्यावरच्या फाटकाने बाहेर पडून वळसा घ्या, पिरेओस रस्ता ओलांडा आणि सलामिनोस-प्लातेऑनच्या गल्ल्यांनी वायव्येला चला. युद्धात पडलेल्या अथेन्सकरांना याच वाटेवर पुरत. वर मात्र गॅरेजं आणि सदनिका, प्राचीन असं काही नाही. वळशासकट अर्धा तास धरा.

अकादमी म्हणजे आज सार्वजनिक बाग, प्रवेश फुकट. इथे लोक निराश होतात, कारण 'प्लेटोचा वर्ग' शोधत येतात. तो कुठला, ते कुणालाच दाखवता येत नाही. व्यायामशाळेचे अवशेषही नंतरचे, आणि मूळची झाडं सुल्ला या रोमन सेनापतीने इ.स.पू. ८७-८६ मध्ये वेढ्याच्या यंत्रांसाठी तोडली. जागेची खात्री मात्र पक्की: १९६६ मध्ये जवळच 'हेकादेमिया'चा, म्हणजे अकादमीचा, सीमादगड सापडला. हेकादेमोस हा स्थानिक वीर. पुण्यातल्या स्पर्धा परीक्षांच्या अकादम्यांपर्यंत त्याचंच नाव पोचलंय.

उजेड उरला तर पूर्वेला कोलोनोसची टेकडी चढा. नाटककार सोफोक्लीसचं हे गाव. वर म्युलर आणि लेनोर्मां या दोन अभ्यासकांच्या समाध्या आहेत. पाणी बागेतून निघतानाच भरून घ्या.