बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज: २९ टक्क्यांचे साडेचौदा कसे झाले

तासगाव भागातल्या एका द्राक्ष बागायतदाराच्या कोल्ड स्टोरेजचा प्रकल्प अहवाल माझ्याकडे तपासायला आला होता. क्षमता ४,००० टन, खर्च ४ कोटी ८० लाख, जागा घरचा पडीक माळ. शेवटच्या पानावर ठळक अक्षरात दोन आकडे: निव्वळ वर्तमान मूल्य (पुढच्या सगळ्या शिलकीची आजची किंमत वजा गुंतवणूक, म्हणजे एनपीव्ही) २ कोटी ५५ लाख, आयआरआर (ज्या दराला हे मूल्य शून्य होतं तो दर, म्हणजे प्रकल्पाचा वार्षिक परतावा) २९ टक्के. फाइल हातावेगळी होऊन बरेच महिने झाले, तरी त्यातला एक प्रश्न अजून सुटत नाही, म्हणून लिहितोय. सगळे आकडे प्राप्तिकराआधीचे आहेत आणि ओळख पटू नये म्हणून गोल केलेले आहेत.

पहिली चूक एक्सेलच्या एका सेलमध्ये होती, आणि ती मला दर चार फाइलींमागे एकीत तरी सापडते. एक्सेलचं एनपीव्ही फंक्शन दिलेली पहिली रक्कम पहिल्या वर्षाच्या अखेरीची समजतं. अहवालात आज घालायचे पैसेही त्याच कंसात टाकलेले होते. म्हणजे अख्खा हिशेब एक वर्ष पुढे ढकलला गेला आणि उत्तर १.१३ ने भागलं गेलं, कारण पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर १३ टक्के होता. कंसात फक्त वर्ष १ ते १५ घ्यायचे आणि शून्य वर्षाची गुंतवणूक बाहेरून वजा करायची. तेवढ्याने त्यांच्याच आकड्यांवर २ कोटी ५५ लाखांचे २ कोटी ८८ लाख झाले. फायदा वाढला म्हणून मालक खूश झाले, पण पुढचं सगळं उतरणीचं होतं.

अहवालात रोख शिल्लक म्हणून निव्वळ नफा घेतला होता, म्हणजे वर्षाला ३२ लाख घसारा (इमारत-यंत्रांच्या झिजेचा हिशेबी खर्च) वजा करून. घसाऱ्यात खिशातून पैसा जात नाही. तो सुरुवातीला ४ कोटी ८० लाख देतानाच गेलेला असतो. तोच खर्च दोनदा मोजल्यामुळे परतावा कमी दिसत होता. अनुदानाच्या चुकीने तो जास्त दिसत होता. एक चूक दुसरीला झाकत होती, म्हणूनच २९ टक्के कुणाला खटकले नाहीत. फक्त घसाऱ्याची चूक सुधारून बाकीचं तसंच ठेवलं असतं तर आकडा अविश्वसनीय वाटला असता आणि कुणीतरी थांबून विचारलं असतं.

अनुदानाचं असं: अहवालात ४ कोटी ८० लाखांच्या ३५ टक्के, म्हणजे १ कोटी ६८ लाख, पहिल्याच दिवशी हातात धरले होते. ३५ टक्के हे प्रत्यक्ष खर्चावर नसतात, निकषातल्या खर्चावर असतात. एकाच तापमानाच्या मोठ्या खोल्यांच्या प्रकाराला त्या वेळी टनाला ८,००० रुपये निकष होता. ४,००० टनांचे झाले ३ कोटी २० लाख, आणि त्याचे ३५ टक्के १ कोटी १२ लाख. शिवाय हे अनुदान कर्जाशी जोडलेलं आणि मागाहून येणारं असतं. आधी बांधा, पाहणी होऊ द्या, मग रक्कम बँकेत राखीव खात्यात जमा होते आणि कर्जाच्या शेवटी वळती होते. इथे काही जण उलट टोकाला जाऊन ती कर्ज फिटण्याच्या वर्षी धरतात. तेही बरोबर नाही, कारण राखीव खात्यात रक्कम आली की कर्जाच्या तेवढ्या भागावर बँक व्याज लावत नाही. म्हणून मी १ कोटी १२ लाख दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस धरले. १३ टक्क्यांनी त्यांचं आजचं मूल्य होतं ८७ लाख ७० हजार.

पण फाइलचा प्राण होता भरणा, म्हणजे क्षमतेच्या किती टक्के जागा मालाने भरलेली असते ते. अहवालात वर्षभर सरासरी ७० टक्के. मी शंका काढली तेव्हा मालक म्हणाले, "साहेब, मे महिन्यात माल ठेवायला जागा मिळत नाही, आणि तुम्ही निम्मं रिकामं म्हणताय?" ते खोटं बोलत नव्हते. मे महिन्यात खरंच जागा मिळत नाही. म्हणून एक शनिवार जवळच्याच एका चालू स्टोरेजच्या आवक-जावक रजिस्टरवर घालवला. रजिस्टरमध्ये १५ किलोचे बॉक्स लॉटवार लिहिलेले असतात. आवक मोजून काही कळत नाही. भाडं मिळतं ते माल किती महिने पडून राहिला त्याचं. म्हणून दर महिन्याच्या १५ तारखेची शिल्लक काढली आणि क्षमतेशी ताडून पाहिली. मार्च २० टक्के, एप्रिल ६०, मे आणि जून ८५, जुलै ८०, ऑगस्ट ७५, सप्टेंबर ६५, ऑक्टोबर ५०, नोव्हेंबर ३५, डिसेंबर २५, जानेवारी १५, फेब्रुवारी ५. बेरीज ६००, भागिले १२. सरासरी ५० टक्के.

रिकाम्या महिन्यांत मिरची नि चिंच भरू, असं मालकांच्या मुलाने सुचवलं. पण त्यांचा हंगामही जानेवारी ते एप्रिलचाच. तो माल बेदाण्याच्याच तोंडावर येतो आणि त्याच्यासारखाच पुढे विकला जातो. शिखराला शिखर मिळतं, दरी तशीच राहते.

टनाला महिन्याला ५५० रुपये भाडं. ४,००० टन बाराही महिने भरलेले असते तर २ कोटी ६४ लाख. निम्म्याचे १ कोटी ३२ लाख. वीज, मजुरी, देखभाल, विमा मिळून ६० लाख, आणि भरणा कमी झाला म्हणून वीज त्या प्रमाणात कमी होत नाही, खोली थंड ठेवावीच लागते. शिल्लक ७२ लाख. पहिल्या वर्षी गिऱ्हाईक जोडायचं असतं म्हणून ४० लाखच. आठव्या वर्षी कॉम्प्रेसरच्या मोठ्या दुरुस्तीला २५ लाख. भाडं आणि खर्च दोन्ही स्थिर ठेवले. भाडं ३ टक्क्यांनी आणि खर्च ५ टक्क्यांनी वाढवून पाहिला तर पहिल्या वाढीत शिल्लक जेमतेम १ लाखाने हलते. १३ टक्के दर मात्र मला पटला: ६५ टक्के कर्ज ११ टक्क्यांनी, बाकी स्वतःचा पैसा १७ टक्क्यांच्या अपेक्षेने. स्वतःच्या पैशाला मुदत ठेवीचा दर लावणारे अहवाल मी सरळ परत करतो.

उत्तर आलं: निव्वळ वर्तमान मूल्य ३५ लाख, आयआरआर साडेचौदा टक्के.

मग १,५०० टनांचा पर्याय मांडला. खर्च २ कोटी, अनुदान ४२ लाख, घरचा आणि भावकीचा माल हक्काचा म्हणून भरणा ६० टक्के, वर्षाची शिल्लक ३३ लाख (पहिल्या वर्षी २१), दुरुस्ती १० लाख. वर्तमान मूल्य ३२ लाख, आयआरआर १६.२ टक्के. पुस्तक सांगतं की दोन्हींपैकी एकच करायचं असेल तर टक्के बघू नका, जास्त वर्तमान मूल्य असलेला प्रकल्प घ्या. म्हणजे मोठा. हा नियम मी स्वतः लोकांना समजावतो, आणि तो बरोबर आहे. पण या ठिकाणी फरकाचा प्रकल्प वेगळा काढून पाहिला: वाढीव २ कोटी ८० लाख घालून वर्तमान मूल्यात भर पडते साडेतीन लाखांची. त्या वाढीव पैशावरचा परतावा १३.३ टक्के, आणि उंबरठा १३ चा.

त्यापुढे भरणा एका टक्क्याने हलवला. मोठ्या स्टोरेजमध्ये एक टक्का म्हणजे वर्षाला २ लाख ६४ हजार, पंधरा वर्षांचं आजचं मूल्य १७ लाख. सरासरी ५० ची ४८ झाली की सगळा फायदा संपतो. छोट्याला ६० वरून ५५ पर्यंत उतरायची मुभा आहे. फेब्रुवारीत एक अवकाळी झाला, किंवा शेजारच्या गावात आणखी एक स्टोरेज उभं राहिलं, की दोन टक्के कुठे जातात कळतही नाही. माझ्या मते भरणा हलला की फायदा किती हलतो, हे कोष्टक अहवालात पहिल्या पानावर हवं. बँकेत मात्र डीएससीआर (वर्षाची शिल्लक कर्जाच्या हप्त्या-व्याजाच्या किती पट आहे ते) सोडून कुणी काही विचारलं नाही. हप्ता निघतो का एवढंच त्यांना हवं असतं. मालकाच्या पैशाचं काय होतं हे बघणं त्यांचं काम नाही, आणि अहवाल लिहिणारा ते बघत नाही.

मालकांनी १,५०० टन ठरवलं. त्याच बैठकीत मशीन रूम आणि ट्रान्सफॉर्मरचा पाया आत्ताच दुप्पट क्षमतेचा घालू का, असं विचारलं. जादा खर्च १२ लाख. माझ्या शीटमध्ये त्याने छोट्याचं वर्तमान मूल्य ३२ चं २० लाख होतं, आणि समोर जमेला काहीच येत नाही, कारण वाढवायचं की नाही हे तीन वर्षांनी भरणा बघून ठरणार. थांबून ठरवता येण्याची मुभा हीच तर इथे मोलाची, आणि १५ वर्षांच्या सरळ ओळीत तिला जागा नाही. वाढीची शक्यता निम्मी धरली तर किंमत निघते, चौथाई धरली तर निघत नाही. पण निम्मी का चौथाई, हे मी कुठल्या रजिस्टरवरून काढणार? मी लेखी काही दिलं नाही, तोंडी "हरकत नाही" म्हणालो.

त्यांनी पाया घातला. शेडच्या उत्तर बाजूला काँक्रीटमधून अँकर बोल्ट वर आलेले आहेत, गंजू नयेत म्हणून ग्रीस लावून पोत्यात गुंडाळलेले. मी अधूनमधून ती शीट उघडतो आणि १२ लाखांच्या समोरच्या सेलमध्ये काय लिहावं याचा विचार करतो.