तलावाची वाट आणि वाजिब-उल-अर्जची नक्कल : माझा अनुभव

आमच्या गावचा मालगुजारी (पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, मालकीचा) तलाव 1950 च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानंतर सरकारजमा झाला. मात्र त्याच्या काठाकडे जाणारी पायवाट खासगी शेतातून जाते. शेताच्या नव्या मालकाने तारेचे कुंपण घालून फाटकाला कुलूप लावले आणि पाण्यावर गुरे नेणाऱ्यांसह जाळी घेऊन जाणाऱ्या ढिवरांनाही अडवले. सातबाऱ्यावर वाट दिसत नाही, म्हणून वाट नाहीच, एवढेच तो सांगत राहिला.

सातबारा हा या वादातला शेवटचा शब्द नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 165 प्रमाणे विदर्भातील गावांच्या वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावच्या रूढींच्या महसुली नोंदपत्रकात, खासगी जमिनीवरील वहिवाटीची वाट, सिंचन आणि मासेमारी यांच्या रूढी नोंदवलेल्या असतात. सरकारी जमिनीवरील हक्क निस्तार पत्रकात असतात, त्यामुळे नकलेसाठी अर्ज करताना दोन्ही कागद मागावेत.

खरी अडवणूक झाली ती नागपुरातील अभिलेख कक्षात. खिडकीवरील कर्मचाऱ्याने अर्ज वाचण्याआधीच “सातबारा आणा” म्हटले. सातबारा दिला, तेव्हा गट क्रमांकावरून जुने दप्तर सापडत नाही, असे सांगून अर्ज परत केला. जुन्या दप्तरात खसरा क्रमांक (जमिनीचे जुने क्रमांक) असतात, हे त्याला ठाऊक होते, पण तसे सांगण्याची तसदी त्याने घेतली नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ मिळवून आणला, तर संबंधित लिपिक रजेवर होता आणि त्याच्या कपाटाची किल्ली दुसऱ्या कोणाकडे नव्हती. जनतेच्या हक्काचा पुरावा एका माणसाच्या किल्लीवर अवलंबून असावा, याची चीड मला आजही येते. अखेर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली नक्कल न मागता अभिलेखाची पाहणीच मागितली, आणि ते दप्तर टेबलावर आले. कडा झिजून पिवळ्या पडलेल्या पानावर त्या शेताच्या खसरा क्रमांकासमोर तलावाकडे गुरे नेण्याची वाट स्पष्ट लिहिलेली होती. ते पान वाचताना मला अतोनात आनंद झाला. प्रमाणित प्रत मात्र तिथेच, कोर्ट फी तिकीट लावून मागावी. मोबाईलवरच्या छायाचित्रावर विसंबू नये.

पुढचे सुरळीत झाले. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 मधील कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा दाखल केला, स्थळपाहणी व पंचनामा झाला आणि अडथळा काढण्याचा आदेश निघाला.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती : हा दावा अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. म्हणून कुलूप दिसताच तलाठ्याकडे तारखेसह लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी, आणि कागद हाती येण्याची वाट पाहत मुदत घालवू नये.