बीए फर्स्ट इयरचा कम्युनिकेशन स्किल: इंग्रजी येत नाही म्हणून घाबरणाऱ्यांसाठी माझा अनुभव

अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात माझं फर्स्ट इयर आत्ताच झालं. गावातले बारावी झालेले पोट्टे-पोट्ट्या रोज विचारून राहिले की ताई तो कम्युनिकेशनचा पेपर कसा राहते, इंग्रजी कच्चं असलं तर निघते का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

तो स्पोकन इंग्लिशचा क्लास नाही बाप्पा. आमच्याकडे नोट्स इंग्रजीत अन् समजावणं अर्ध्याहून जास्त मराठीत होतं. सगळीकडे असंच राहील असं नाही, म्हणून पेपर कोणत्या भाषेत लिहायचा ते ॲडमिशनच्या वेळीच विचारून घ्या.

सुरुवातीला नुसत्या आकृत्या. क्लॉड शॅनन नावाचा बेल लॅबचा इंजिनियर होता, त्यानं १९४८ मध्ये तारेतून सिग्नल कसा जाते त्याचं गणित मांडलं, अन् नंतर लोकांनी तीच आकृती माणसांच्या बोलण्याला लावली: पाठवणारा, मेसेज, चॅनल, घेणारा अन् मधात नॉइज, म्हणजे अडथळा. त्याच्यात फीडबॅक, म्हणजे ऐकणाऱ्याकडून परत येणारं उत्तर, नव्हता, तो मागून जोडल्या गेला. फीडबॅकसाठी मॅडमनी गाडगेबाबांचं कीर्तन सांगितलं, बाबा समोरच्या लोकांनाच प्रश्न विचारायचे अन् लोकांच्या तोंडून उत्तर काढून पुढं जायचे, तेव्हा मागच्या बेंचवरच्यांच्याही डोक्यात बसलं. ग्रेपवाइन, म्हणजे कानोकानी पसरणारी बातमी, शिकवायला तर दोन मिनिटंही नाही लागले, चौकातल्या पानठेल्यावर कोणाची सोयरीक मोडली ते घरच्यांच्या आधी कळते, तेच ते.

थिअरी एवढीच, बाकी सगळं उभं राहून करायचं. स्वतःची ओळख सांगायची वेळ आली तेव्हा अर्धा वर्ग गायब होता, पण ज्यांनी त्या दिवशी दांडी मारली त्यांना पुढच्या तासाला सगळ्यात आधी उठवलं, म्हणून दांडीचा काही फायदा नाही. ऐकण्याची ॲक्टिव्हिटी मला सगळ्यात जड गेली. जोडीदार काय बोलला ते आपल्या शब्दात परत सांगायचं, अन् तो "हो, हेच म्हणत होतो" म्हणेपर्यंत आपलं मत मांडायचंच नाही. करून पाहा घरी, माणूस दुसऱ्याचं अर्धंच ऐकते अन् उत्तर मनात तयार करून बसते. ग्रुप डिस्कशनमध्येही तेच, जो सारखा बोलत होता त्याला मार्क कमी पडले, अन् जिनं एका गप्प बसलेल्या पोट्टीला "तू सांग नं, तुमच्याकडे संत्र्याचं काय होते" असं विचारलं तिला जास्त.

प्रेझेंटेशनचा विषय आपला आपण निवडायचा होता. बहुतेकांनी सोशल मीडिया घेतला (नका घेऊ, सगळ्यांचं सारखंच होते). मी फवारणीच्या औषधाचा डबा घेतला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी अन् मजूर दगावले होते, ते आमच्या इकडे सगळ्यांना आठवते. डब्यावर एक चौकोन राहते, टोकावर उभा, त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. म्हणजे हिरवा हा विषाच्याच चार पायऱ्यांमधला सगळ्यात खालचा. पण मी बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "हिरवा म्हणजे चालते, काही होत नाही त्याले." बरोबरच आहे त्यांचं, जगात सगळीकडे हिरवा म्हणजे जा असंच शिकवलं. मजूर काकूंना विचारलं तर त्यांनी तो चौकोन कधी पाहिलाच नव्हता, डबा मालकाच्या हातात राहते अन् त्यांच्या हातात पंप. अन् माहितीपत्रकावर मात्रा हेक्टरी लिहिलेली, आपला सगळा हिशोब एकरात, एका हेक्टरात जवळपास अडीच एकर. मॅडमनी शिकवलेले निम्मे बॅरिअर, म्हणजे समोरच्यापर्यंत मेसेज नीट न पोचू देणारे अडथळे, एका डब्यात निघाले. प्रश्नोत्तरात एक पोट्टा म्हणे, "मंग रंग बदलून द्या नं," अन् त्याच्यावर तास संपेपर्यंत भांडण चाललं. स्लाइड माझ्या चारच होत्या, रिकामा डबा मात्र नेला नाही, चौकोन खडूनं फळ्यावर काढला.

बाजारात मिळणाऱ्या गाइडवर जास्त भरोसा नका ठेवू. त्यात हमखास छापलेलं राहते की संवाद ९३ टक्के विनाशब्द असते. तो आकडा मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांवरून आला, अन् ते प्रयोग फक्त आवड-नावड, भावना शब्दापेक्षा आवाजातून अन् चेहऱ्यावरून किती कळते याचे होते. सगळाच संवाद ९३ टक्के विनाशब्द असता तर चायनीज माणसाचं भाषण आपल्याला ९३ टक्के समजलं असतं नं.

मॉक इंटरव्ह्यूत "स्वतःबद्दल सांगा" हे पक्कं विचारतात, तिथं गाव, घरात किती जण हे सांगत नका बसू, काय शिकून राहिले अन् काय करता येते ते सांगा. पेपरात आकृती काढली अन् बॅरिअरला आपल्या गावचं उदाहरण दिलं की उत्तर भरते, अर्जाच्या प्रश्नात तारीख, विषय अन् सही सोडू नका, तिथंच मार्क कटते.