सरांचे इलॅस्टिक

शाळेच्या स्मरणिकेसाठी दोन पाने लिहा, असे पत्र आले. जुनी इमारत, मैदान, स्नेहसंमेलन यांवर बाकीचे लिहितीलच. मला आठवली ती सरांच्या खणातली दोन बोटे रुंद, पांढरी इलॅस्टिकची पट्टी. इतक्या कमी सामानात विश्वाचा उगम आणि शेवट सांगणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

कृती अशी. 30 सेंमी पट्टीवर दर 5 सेंमीला बॉलपेनने आडवी रेघ. दोघांनी टोके धरून पट्टी सावकाश 60 सेंमीपर्यंत ताणायची. 5 वरची रेघ 10 वर जाते, 10 वरची 20 वर, 15 वरची 30 वर. जी जितकी लांब, ती तितकी वेगाने पळाली. खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी 1929 साली दीर्घिकांबद्दल, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांबद्दल, सांगितले ते हेच. एक टोक खिळ्याला अडकवायचे नाही, नाहीतर पोरे खिळ्यालाच विश्वाचे केंद्र समजतात. मोजपट्टीचे शून्य कुठल्याही रेघेवर ठेवा, हिशेब तोच येतो.

विश्वाचे प्रसरण दाखवायला वापरतात त्या फुग्यावर सरांचा राग. शाईचे ठिपके फुग्याबरोबर मोठे होतात. दीर्घिका होत नाहीत, गुरुत्वाकर्षण त्यांना बांधून ठेवते. फुगाच हवा असेल तर आधी अर्धा फुगवून कागदाच्या टिकल्या चिकटवायच्या, आणि त्याही तोंडाजवळ नाहीत, कारण तिथले रबर कमी ताणते. एवढे करूनही कुणीतरी ‘फुग्याच्या आत काय?’ विचारतोच, मग तास गेला.

नंतर फळ्यावर विश्वाचे वय. एक मेगापार्सेक (दीर्घिकांमधली अंतरे मोजायचे एकक) म्हणजे 3.09 गुणिले 10 चा 19 वा घात इतके किलोमीटर. इतक्या अंतरावरची दीर्घिका सेकंदाला सुमारे 70 किमी वेगाने दूर जाते; अंतराला त्या वेगाने भागा, आलेल्या सेकंदांची वर्षे करा : सुमारे 1400 कोटी. आज मानले जाणारे वय 1380 कोटी. हे जमले त्यात थोडा योगायोग आहे. भागाकारात वेग कायम धरला; प्रत्यक्षात प्रसरण आधी मंदावले, मग वाढले, आणि दोन्ही चुका जवळजवळ फिटल्या. हबल यांच्या मूळ 500 या आकड्याने मात्र 200 कोटीच येतात, म्हणजे पृथ्वीच विश्वापेक्षा म्हातारी! अंतरे मोजायला वापरलेल्या सेफीड या कमीजास्त तेजाळणाऱ्या ताऱ्यांचे दोन प्रकार एकच धरले गेले होते. खगोलशास्त्रज्ञ बाडे यांनी ते 1952 मध्ये उकलले.

महास्फोटाच्या सिद्धांतापुढे हरलेल्या सिद्धांतालाही सर पूर्ण तास देत. ताणलेल्या पट्टीवर दोन रेघांच्या मधोमध नवी रेघ ओढत : झाले हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांचे 1948 चे स्थिर स्थितीचे विश्व. पसरते, पण दाटी तीच राहते. पुढे नारळीकरांनी ही बाजू नेटाने लढवली. ती अडली 1965 मध्ये जाहीर झालेल्या, सगळ्या आकाशातून येणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाशी. सुरुवातीच्या तप्त विश्वातला 3000 केल्विनचा प्रकाश 1100 पट ताणला गेला की 2.7 केल्विन उरतात. स्थिर विश्वात तो मुळात तापला कधी, याचे सरळ उत्तर मिळेना.

विश्वाच्या शेवटाचे मात्र सरांचे गणित बदलावे लागेल. तेव्हा सगळे घनतेवर होते : घनमीटरमागे हायड्रोजनच्या पाच-सहा अणूंपेक्षा जास्त वस्तुमान असेल तर विश्व पुन्हा आकसणार, कमी असेल तर पसरतच राहणार. 1998 मध्ये दूरचे अतिनवतारे, म्हणजे स्फोट होऊन उजळलेले तारे, अपेक्षेपेक्षा अंधुक दिसले आणि प्रसरणाचा वेग वाढतोय हे कळले. आता विश्वाच्या एकूण ऊर्जेत 68 टक्के वाटा कृष्ण ऊर्जेचा, म्हणजे प्रसरण वाढवणाऱ्या अनोळखी ऊर्जेचा, धरतात. ती अशीच राहिली तर तारे विझत विझत सगळे गारठेल. ती पुढे कमी होते का, याची मोजणी चालू आहे.

हल्ली वर्गातल्या पडद्यावर महास्फोट दाखवतात तो काळ्या पोकळीत फटाका फुटावा तसा. चित्र देखणे आणि साफ चूक. पोकळी आधी होती आणि स्फोट तिच्यात झाला, असे महास्फोटाचा सिद्धांत म्हणत नाही.

पट्टी दोन-तीन वर्षांत सैल पडे, मध्येच तुटेही. तुटली की सर ‘प्रयोग फसला’ म्हणून तुकडे खणात टाकत. कृष्ण ऊर्जा वाढत गेली तर दीर्घिका, ग्रहमाला आणि शेवटी अणूसुद्धा फाटतील, हा विचार 2003 मध्ये मांडला गेला. सर त्याआधीच निवृत्त झाले होते.