सांबरा ते दूधसागर, रूळ धरून हेलिकॉप्टरने (सिम्युलेटरवर)

दूधसागरला रुळांवरून चालत जायला रेल्वेची बंदी आहे आणि ट्रेनच्या खिडकीतून बघायचं तर नीट दिसेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. म्हणून मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, हेलिकॉप्टर काढलं आणि लोंढा-कॅसलरॉक लाइन धरून गेलो. सरळ रेषेत साधारण 37 नॉटिकल मैल भरतं, पण सरळ जाऊ नका. जीपीएस बंद ठेवा आणि रूळ धरा, खरी मजा त्यातच आहे.

हेलिकॉप्टर बेल 407 घेतलं. 2022 च्या नोव्हेंबरमधल्या अपडेटला हे आणि छोटं काब्री जी2 आलं. बेलमध्ये कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा) वर घेतला की नाक उजवीकडे पळतं म्हणून डावं पेडल हळूहळू दाबत राहायचं, काब्रीत बरोबर उलटं, कारण त्याचा रोटर उलट्या दिशेने फिरतो. पेडल नसतील तर जॉयस्टिकचा ट्विस्ट चालतो. टाकी अर्धी पुरे, हलकं हेलिकॉप्टर घाटात सांभाळायला सोपं जातं.

आणि अल्टिमीटरकडे (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा काटा) लक्ष द्या हं, सांबऱ्याला जमिनीवर उभं असतानाच तो 2500 फुटांच्या आसपास दाखवतो, म्हणजे 3500 वर गेलात तरी खाली जेमतेम हजार फूट.

बेळगाव स्टेशनपासून रूळ सापडले की टिळकवाडीची पहिलं, दुसरं, तिसरं गेट ओळीने खालून जातात, ओळखीचे रस्ते असे वरून बघताना अंगावर काटा येतो खरंच. उद्यमबागच्या पुढे देसूरजवळ डाव्या हाताला येळ्ळूरचा राजहंसगड. गडावरचा महाराजांचा पुतळा सिम्युलेटरमध्ये नाही, नुसती टेकडी दिसते, तरी एक फेरी माराच. खानापूरला मलप्रभा नदी लागते. कौलांसाठी प्रसिद्ध गाव, पण सिम्युलेटरने घरं सगळी स्लॅबची टाकलीत, ते बघून वाईट वाटलं.

लोंढ्यात फाटा फुटतो, डावीकडची लाइन धारवाड-हुबळीला जाते, आपण तिनईघाट-कॅसलरॉकची पश्चिमेकडची धरायची. इथून पुढे झाडीत रूळ गायब होतात, तेव्हा वेग 60 नॉटवर आणा आणि झाडीतली बारीक फट शोधत जा, घाई केली की लाइन हातची गेलीच.

कॅसलरॉक सोडलं की पायाखालची जमीन एकदम खाली जाते. सह्याद्री संपून गोवा सुरू होतो तो कडा इथे एका नजरेत मावतो. धबधबा 310 मीटरचा, सिम्युलेटरमध्ये मात्र पाणी पडताना दिसत नाही, कड्यावर पांढरा पट्टा तेवढा आहे आणि रेल्वेचा पूलही धड नाही. तरी उंचीचा अंदाज येतो तो फोटोत कधीच येत नाही. दुपारी चारची वेळ ठेवा, कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, ऊन थेट त्यावर येतं.

आता महत्त्वाचं. धबधब्यासमोर थांबून सरळ खाली उतरायचा मोह होईल, तो टाळा. वेग 30 नॉटच्या खाली असताना मिनिटाला 300 फुटांपेक्षा जास्त वेगाने उतरलात की हेलिकॉप्टर स्वतःच्याच रोटरने खाली ढकललेल्या हवेत अडकतं, याला व्होर्टेक्स रिंग म्हणतात. तेव्हा कलेक्टिव्ह ओढला तर अजून जोरात खाली जाल. सायक्लिक (हेलिकॉप्टर पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुकवणारा दांडा) पुढे ढकलून वेग घ्यायचा, मगच पॉवर. त्यापेक्षा 50 नॉटवर मोठे गोल घेत उतरा, चारही बाजूंनी बघणंही होतं.

पहिल्यांदा जाताना लाइव्ह वेदर (त्या वेळचं खरं हवामान दाखवणारी सोय) बंद ठेवा, पावसाळ्यात घाटावर ढग बसलेले असतात, काही दिसत नाही. बघून झालं की गोव्याचा दाबोळी विमानतळ तिथून 28 नॉटिकल मैल, सगळा उतार. सांबऱ्यालाच परत यायचं असेल तर कड्याला भिडायच्या आधी गोव्याच्या बाजूला मोकळ्या हवेतच 4500 फूट गाठा आणि मगच घाट ओलांडा, दरीत शिरून चढायला जाऊ नका, वळायला जागा मिळत नाही.